भारतातील मातामृत्यू आणि संस्थात्मक प्रसूती

भारतातील मातामृत्यू हा गेल्या दोन दशकांत वेगाने कमी झालेला, तरीही अनेक राज्यांत गंभीर राहिलेला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या पाहणीनुसार २००४–०६ या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. २०१९–२१ मध्ये हे प्रमाण ९३ वर आले. साधारण याच काळात रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात होणाऱ्या, म्हणजेच संस्थात्मक, प्रसूतींचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांपर्यंत वाढले. हे दोन बदल शेजारी-शेजारी ठेवून एक दुसऱ्याचा परिणाम आहे, असे सर्रास मांडले जाते. प्रत्यक्षात त्यांचा संबंध इतका सरळ नाही. घरातले बाळंतपण रुग्णालयात आले, ही मोठीच गोष्ट घडली. परंतु तेथे पोहोचलेल्या स्त्रीला वेळेवर काय मिळते, यावर तिचे जगणे अवलंबून असते आणि या बाबतीतील प्रगती इमारतींच्या व अनुदानांच्या मानाने बरीच संथ राहिली आहे.

व्याख्या आणि मोजमाप

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी अथवा गर्भावस्था संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी निगडित किंवा त्यामुळे बळावलेल्या कारणाने झालेला स्त्रीचा मृत्यू म्हणजे मातामृत्यू होय. गर्भपातातून ओढवलेला मृत्यूही यात मोडतो. अपघाती मृत्यू मोडत नाही. बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची महाराष्ट्रातील रूढी आणि ही ४२ दिवसांची मर्यादा यांत फारसे अंतर नाही.

एक लाख जिवंत जन्मांमागे होणाऱ्या मातामृत्यूंच्या संख्येला मातामृत्यू प्रमाण म्हणतात. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही घटना विरळ असल्यामुळे एका वर्षाच्या नमुन्यावरून विश्वसनीय अनुमान काढता येत नाही. म्हणून तीन-तीन वर्षांची आकडेवारी एकत्र करून प्रसिद्ध केली जाते. ही पाहणी राज्यापर्यंतच थांबते, जिल्ह्याचे प्रमाण देत नाही. त्यामुळे राज्याची सरासरी चांगली दिसली तरी तिच्या आड एखादा डोंगराळ तालुका सहज दडून राहू शकतो. पुढे महाराष्ट्राच्या संदर्भात हा मुद्दा पुन्हा येतो.

जागतिक स्थिती

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे २ लाख ६० हजार मातामृत्यू झाले, म्हणजे दिवसाला सातशेहून अधिक. त्यांपैकी सुमारे ७० टक्के सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत झाले आणि एकट्या नायजेरियाचा वाटा एक चतुर्थांशाहून मोठा होता. भारतातील मृत्यूंची संख्या सुमारे १९ हजार होती. २००० सालापासून जागतिक प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी उतरून १९७ वर आले आहे. २०३० पर्यंत ते ७० च्या खाली आणण्याचे शाश्वत विकासाचे उद्दिष्ट मात्र दूरच आहे. श्रीमंत देशांनी आखडत्या घेतलेल्या मदतीमुळे आफ्रिकेतील व युद्धग्रस्त प्रदेशांतील प्रसूतिसेवा बंद पडत असल्याचा इशारा याच अहवालाच्या निमित्ताने देण्यात आला. अफगाणिस्तानात डिसेंबर २०२४ मध्ये स्त्रियांना परिचर्या व प्रसाविकेचे शिक्षण घेण्यास तालिबान राजवटीने मनाई केली. पुरुष डॉक्टरांना स्त्रियांवर उपचार करण्याची मोकळीक नसलेल्या प्रदेशांत या मनाईचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

मृत्यूची कारणे

विकसनशील देशांत मातामृत्यूचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अतिरक्तस्राव. त्याखालोखाल गरोदरपणातील उच्च रक्तदाब व त्यातून येणारे झटके, जंतुसंसर्ग, असुरक्षित गर्भपात आणि अडलेली प्रसूती ही कारणे येतात. हृदयविकार, कावीळ, हिवताप, क्षय यांसारखे आजार गरोदरपणात बळावूनही मृत्यू होतात.

नवव्या महिन्यात गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटल्यावर गर्भाशय आकुंचन पावून रक्तवाहिन्यांची तोंडे आवळते, म्हणून रक्त थांबते. गर्भाशय सैल राहिले किंवा वारेचा तुकडा आत अडकला, तर ते थांबत नाही आणि उपचार न मिळाल्यास धडधाकट स्त्रीही दोन-एक तासांत दगावू शकते. जिच्या अंगात आधीच रक्त कमी आहे, तिला तेवढाही अवधी मिळत नाही. भारतात अशा स्त्रिया अपवाद नाहीत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याआधीच्या, २०१५–१६ च्या पाहणीत हे प्रमाण ५० टक्के होते. संस्थात्मक प्रसूती वाढत असताना रक्तक्षय हटला नाही, उलट किंचित वाढला. लोहाच्या गोळ्या वाटण्याची मोहीम देशात अनेक दशके चालू आहे, पण वाटप आणि सेवन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मळमळ, बद्धकोष्ठ, गोळ्यांनी मूल काळे होते किंवा फार मोठे होऊन बाळंतपण अडते अशा समजुती, आणि मुळात आहारातच असलेली वाण, यांमुळे पुष्कळशा गोळ्या फडताळातच राहतात.

रक्तस्राव रोखण्याचे प्रमुख औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. बाळ जन्मताच त्याचे इंजेक्शन दिल्यास रक्तस्रावाचा धोका बराच घटतो. ते स्वस्त आहे. परंतु २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले नाही तर निकामी होत जाते. जेथे वीज दिवसाचे काही तासच असते, तेथे कुपी हाताशी असूनही औषध नसल्यासारखेच असते. उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन व तोंडाने घेण्याच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या हे त्यावरचे पर्याय आहेत. दुभत्या जनावरांना पान्हा फुटावा म्हणून ऑक्सिटोसिनचा गैरवापर होतो, या कारणावरून केंद्र सरकारने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना देशांतर्गत वापरासाठी त्याचे उत्पादन करण्यास बंदी घालून ते एका सरकारी कंपनीपुरते मर्यादित केले होते. मातांच्या जिवावर बेतेल या आक्षेपावर सुनावणी होऊन दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हा आदेश रद्द ठरवला. गोठ्यातील गैरप्रकार रोखण्यासाठी प्रसूतिगृहातील औषध टंचाईच्या उंबरठ्यावर आणण्याचा तो निर्णय होता.

तीन विलंब

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ साली मांडलेली तीन विलंबांची कल्पना या विषयाच्या विवेचनात अजूनही पायाभूत मानली जाते. पहिला विलंब घरात होतो : धोका ओळखण्यात आणि दवाखान्यात न्यायचे की नाही हे ठरवण्यात. हा निर्णय पुष्कळदा नवरा किंवा सासू घेते. ज्या स्त्रीला वेणा येत असतात, तिचे मत शेवटी विचारले जाते किंवा विचारलेच जात नाही. दुसरा विलंब वाटेत होतो : रस्ता, वाहन, पैसा, नदीचा पूर. तिसरा विलंब रुग्णालयात पोहोचल्यानंतर होतो : डॉक्टर नाही, भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, किंवा सर्व काही असूनही धोका कोणाच्या लक्षात आलेला नाही.

भारताच्या गेल्या वीस वर्षांच्या धोरणाने पहिल्या दोन विलंबांवर भर दिला आणि तेथे यशही मिळवले.

पार्श्वभूमी

भारतीय बाळंतपणाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाशी मराठी भाषकांचा जुना संबंध आहे. पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली पदवी घेतलेल्या आनंदीबाई जोशी यांनी प्रबंधासाठी हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला होता. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत दगावले होते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने दर हजार जन्मांमागे सुमारे २० मातामृत्यू होत असल्याचा अंदाज दिला होता. त्या काळी बाळंतपण म्हणजे घर आणि सुईण. पुढे सुईणींनाच प्रशिक्षण देऊन प्रसूती सुरक्षित करण्याचे धोरण जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रोत्साहनाने अनेक देशांत राबवले गेले. स्वच्छतेबाबत त्याचा उपयोग झाला. परंतु रक्तस्राव आणि झटके यांवर सुईणीजवळ इलाज नव्हता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे धोरण मागे पडून प्रशिक्षित प्रसाविका, परिचारिका वा डॉक्टर यांच्या हातून प्रसूती व्हावी, हा आग्रह पुढे आला. या बदलात सुईणीचे दुसरे काम मात्र हिशेबातून निसटले. ती रात्रभर उशाशी बसे, पाठ चोळी, धीर देई. प्रसूतिगृहात ही जागा कोणीच घेतली नाही.

जननी सुरक्षा योजना

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या अंतर्गत एप्रिल २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना सुरू झाली. संस्थात्मक प्रसूतींत मागे असलेल्या राज्यांत ग्रामीण स्त्रीला १,४०० रुपये आणि शहरी स्त्रीला १,००० रुपये. इतर राज्यांत दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींतील स्त्रियांना अनुक्रमे ७०० व ६०० रुपये, असे तिचे स्वरूप आहे. गरोदर स्त्रीला केंद्रापर्यंत आणणाऱ्या आशा कार्यकर्तीलाही मानधन मिळते. जून २०११ मध्ये आलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूती, औषधे, रक्त, जेवण व ने-आण मोफत केली. १०८ आणि १०२ क्रमांकांच्या रुग्णवाहिका, पक्के रस्ते आणि मोबाइल यांची याला जोड मिळाली. गावोगाव पायी हिंडणाऱ्या आशा कार्यकर्तींचा या यशातील वाटा मोठा आहे. त्यांना अजूनही शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जा नाही.

स्त्रिया रुग्णालयात आल्या, यात शंका नाही. मृत्यू किती टळले, याबाबत मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. २०१० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात नवजात व गर्भस्थ बाळांचे मृत्यू घटल्याचे दिसले, पण मातामृत्यूंवरील परिणाम सिद्ध करता आला नाही. नऊ राज्यांच्या आकडेवारीवर आधारलेल्या २०१३ मधील अभ्यासातही संस्थात्मक प्रसूतींची वाढ आणि मातामृत्यूंतील घट यांत ठळक संबंध आढळला नाही.

मग प्रमाण उतरले कशाने? याच काळात एकूण जननदर २.७ वरून २.० वर आला. वयाच्या अठरा वर्षांपूर्वी विवाह झालेल्या तरुणींचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आले. फार लहान वयातील पहिले आणि शरीर थकल्यावरचे पाचवे-सहावे, अशी सर्वाधिक धोक्याची बाळंतपणे त्यामुळे कमी झाली. मुलींचे शिक्षण वाढले. मातामृत्यूंतील घटीचे श्रेय एकाच योजनेच्या पदरात घालणे म्हणूनच सयुक्तिक ठरत नाही. तिला निरुपयोगी ठरवणेही तितकेच चुकीचे होईल. रुग्णालयात आल्यावाचून तेथील उपचार मिळण्याची शक्यताच निर्माण होत नाही.

रुग्णालयाच्या आत

उत्तर प्रदेशात २४ जिल्ह्यांतील १२० आरोग्य केंद्रांत झालेल्या आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या 'बेटरबर्थ' या अभ्यासात दीड लाखाहून अधिक प्रसूतींचा समावेश होता. निम्म्या केंद्रांतील कर्मचाऱ्यांना सुरक्षित प्रसूतीची तपासणी-सूची वापरण्याचे शिक्षण देण्यात आले. हात धुणे, रक्तदाब पाहणे, जन्मताच ऑक्सिटोसिन देणे अशी कामे तेथे निश्चितच वाढली. तरीही माता व बालकांचे मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. गुंतागुंत ओळखल्यावर पुढे करायची शस्त्रक्रिया, रक्त आणि तज्ज्ञ यांची सोय नसेल, तर केवळ सूची पाळून जीव वाचत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो.

ही सोय किती तोकडी आहे, हे केंद्र सरकारच्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीवरून दिसते. २०२१–२२ मध्ये ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत आवश्यक स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी सुमारे तीन चतुर्थांश उपलब्ध नव्हते. अशा केंद्रातून स्त्रीला पुढे पाठवले जाते. तेथून जिल्हा रुग्णालयात, तेथूनही वैद्यकीय महाविद्यालयात. कागदोपत्री तिची प्रसूती संस्थात्मकच ठरते, मग ती वाटेत कितीही तास रुग्णवाहिकेत असो.

याउलट, साध्या उपायांनी मोठा फरक पडतो याचे उदाहरण आफ्रिकेतून आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० रुग्णालयांत झालेल्या 'ई-मोटिव्ह' अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर स्त्रीखाली मोजपट्टी छापलेली प्लास्टिकची पिशवी ठेवून रक्त मोजायचे आणि ठरावीक रेषा ओलांडताच गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झॅमिक आम्ल, शिरेतून द्रव आणि तपासणी हे सर्व एकदमच सुरू करायचे, अशी ही रीत होती. नजरेच्या अंदाजावर चालणाऱ्या रुग्णालयांत रक्तस्रावाच्या निम्म्याच घटना ओळखल्या गेल्या. पिशवी वापरणाऱ्या रुग्णालयांत ९३ टक्के. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून करावी लागणारी शस्त्रक्रिया व रक्तस्रावाने होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. या सर्व स्त्रिया रुग्णालयातच होत्या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातील बळ्ळारी येथे सरकारी रुग्णालयात सिझेरियननंतर काही महिला दगावल्या आणि शिरेतून दिलेल्या द्रवाच्या दर्जाविषयी संशय निर्माण झाला. राज्य सरकारने संबंधित पुरवठ्याचा वापर थांबवला. जानेवारी २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधील मेदिनीपूर येथेही तशीच घटना घडली. बाळंतपणासाठी धडधाकट आलेली स्त्री रुग्णालयातील उपचारानेच दगावावी, हा प्रकार संस्थात्मक प्रसूतीवरील विश्वासालाच धक्का देणारा ठरला.

प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' हा कार्यक्रम सुरू केला. वेणांच्या वेळी सोबतीला कोणी असावे, स्त्रीशी सन्मानाने वागावे, हेही त्यात अंतर्भूत आहे. ओरडणे, टोमणे मारणे, प्रसंगी चापट मारणे असे प्रकार भारतातील अनेक अभ्यासांत नोंदले गेले आहेत. एका खाटेवर दोघी, हे दृश्यही अपरिचित नाही. पुढच्या खेपेस घरीच बाळंत होण्याचा निर्णय घेणारी स्त्री अडाणी असतेच असे नाही; तिने एकदा अनुभव घेतलेला असतो.

सिझेरियनची दोन टोके

२०१९–२१ च्या पाहणीनुसार खासगी रुग्णालयांतील ४७ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, तर सरकारी रुग्णालयांतील १४ टक्के. तेलंगणात एकूण प्रमाण ६१ टक्के, बिहारमध्ये १० टक्क्यांच्या आत. लोकसंख्येच्या पातळीवर सिझेरियनचे प्रमाण १० टक्क्यांपलीकडे गेल्यास माता वा अर्भकांचे मृत्यू आणखी घटत असल्याचा पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नमूद केले आहे. एकीकडे गरज नसताना पोट फाडले जाते आणि दुसरीकडे अडलेल्या बाईला सर्जन मिळत नाही. राष्ट्रीय सरासरीत हे दोन्ही दोष परस्परांना झाकून टाकतात. सर्वसाधारण प्रसूती प्रशिक्षित प्रसाविकांकडे सोपवण्याचा मार्ग केंद्र सरकारने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वीकारला आहे. त्याची अंमलबजावणी अद्याप मोजक्या ठिकाणीच झाली आहे.

महाराष्ट्र

२०१८–२० मध्ये महाराष्ट्राचे मातामृत्यू प्रमाण ३३ होते. केरळच्या १९ नंतर ते देशात सर्वांत कमी होते. आसामचे १९५, मध्य प्रदेशाचे १७३ आणि उत्तर प्रदेशाचे १६७ होते. राज्यात ९५ टक्के प्रसूती संस्थात्मक होतात.

तथापि, ३३ हा आकडा पुण्याचाही आहे आणि भामरागडचाही. गडचिरोली जिल्ह्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. नंदुरबारमधील धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांत सरदार सरोवराच्या फुगवट्याने वेढलेले पाडे आहेत. तेथे आरोग्यसेवा बोटीतून पोहोचवावी लागते. झोळीत घालून डोंगर उतरवलेल्या गरोदर स्त्रियांची वृत्ते दर पावसाळ्यात येतात. यावर उपाय म्हणून आदिवासी भागात 'माहेरघर' योजना आखण्यात आली. प्रसूतीची तारीख जवळ आलेल्या स्त्रीने आरोग्य केंद्राशेजारच्या खोलीत आधीच येऊन राहायचे, अशी ही सोय. इथिओपियासह आफ्रिकेतील अनेक देशांतही अशी प्रतीक्षागृहे आहेत. योजनेचे नाव समर्पक आहे. अडचण अशी की शेतीची कामे, घरी असलेली लहान मुले आणि बुडणारी मजुरी यांमुळे आठ-दहा दिवस आधी घर सोडणे सर्वांनाच जमत नाही. शिवाय माहेरघर दुसरा विलंब दूर करते. तिसऱ्यासाठी शेजारच्या केंद्रात रक्त आणि शस्त्रक्रिया करणारे हात हवे असतात.

मृत्यूची चौकशी

प्रत्येक मातामृत्यूमागचे कारण शोधण्याची पद्धत भारतात २०१० पासून शासकीय पातळीवर आहे. २०१७ मध्ये तिचा विस्तार झाला. बहुतेक जिल्ह्यांत मात्र ही चौकशी कोणाची चूक झाली याच्या शोधाकडे वळते. मेदिनीपूर प्रकरणात डॉक्टरांचे निलंबन तातडीने झाले. अशा वातावरणात नोंदी अपुऱ्या लिहिल्या जातात, कारण लिहिलेला प्रत्येक शब्द उद्या लिहिणाऱ्यावरच उलटू शकतो.

श्रीलंकेने वेगळी वाट धरली. १९३० च्या दशकात तेथे लाखामागे दोन हजारांहून अधिक माता दगावत. गावपातळीवरील प्रसाविकांचे जाळे, मोफत रुग्णालये, हिवतापावरील नियंत्रण आणि प्रत्येक मृत्यूची छाननी यांतून हे प्रमाण शतकाअखेरपर्यंत शंभराच्या बरेच खाली आले. तोवर तो देश श्रीमंत झालेला नव्हता.

केरळमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून मातामृत्यूंचे गोपनीय परीक्षण सुरू केले. रुग्ण, डॉक्टर आणि रुग्णालय यांची नावे काढून टाकून कागदपत्रे तज्ज्ञांपुढे ठेवली जातात. शिक्षा होत नाही. काय टाळता आले असते एवढेच लिहिले जाते. या परीक्षणात प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आणि उच्च रक्तदाब ही दोन कारणे ठळकपणे पुढे आली. त्यांवर उपचारांचे मानदंड ठरवून २०१३ मध्ये ते निवडक रुग्णालयांत प्रयोग म्हणून लागू करण्यात आले. या परीक्षणाचे प्रमुख राहिलेले डॉ. व्ही. पी. पैली यांनी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या पोट न उघडता खालूनच दाबून धरणारा चिमटाही तयार केला. रक्त किंवा सर्जन येईपर्यंत, अथवा स्त्रीला मोठ्या रुग्णालयात हलवताना, मधला वेळ त्यामुळे मिळतो.